माड, तार आणि अकरा नंबरचा बूट

सावंतवाडीत बर्फ दोनच ठिकाणी दिसतो, मासळीच्या पेटीत आणि गोळ्याच्या गाडीवर. त्यामुळे बर्फावर घसरायच्या फळ्यांना बूट कसा बांधावा, हा प्रश्न मोती तलावाच्या काठावर संध्याकाळी बसणाऱ्या मंडळींना आजवर पडला नव्हता. आणि ही मंडळी अशी, की त्यांना कुठलाही प्रश्न पडू शकतो. गेल्या चतुर्थीच्या तोंडावर मात्र तो आमच्या परसात, माडाच्या बुंध्याशी येऊन उभा राहिला. त्याला कारणं तीन: एक माड, एक जुनं यंत्र आणि एक भाचा.

माडाचं असं आहे, की बाणवली जातीचा माड साठ-सत्तर फूट सहज वाढतो आणि फळ मात्र शेंड्याला धरतो. थोडं बुंध्याशीही द्यावं ही जी अक्कल फणसाला आहे, ती माडाला नाही. दर दीड-दोन महिन्यांनी पाडप केली नाही तर नारळ आपल्या मर्जीनं पडतात. माड कधी माणसाच्या डोक्यावर नारळ टाकत नाही अशी कोकणात श्रद्धा आहे. कौलांच्या बाबतीत त्यानं तसं वचन कुणाला दिलेलं नाही.

पूर्वी पाडेली आपणहून यायचा. खळ्यात उभा राहून वर बघायचा आणि आपल्या माडावर किती नारळ आहेत ते आपल्यालाच सांगायचा. आता पाडेल्याला फोन करावा लागतो, तो उचलत नाही, आणि उचलला तर 'बघूया' म्हणतो. कोकणात 'बघूया' म्हटलं की ते काम झालं असं समजून लोक सोडून देतात. चतुर्थीच्या दिवसांत तर भटजी आधी सापडतो, पाडेली नंतर. त्याची मुलं मोपाच्या विमानतळावर नोकरीला जातात आणि त्यात त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही. उंचीवर जाण्यासाठी विमानात निदान खुर्ची देतात.

या अडचणीवर केरळातल्या एका शेतकऱ्यानं फार पूर्वीच उपाय काढला. कण्णूर जिल्ह्यातल्या चेंबेरीचे एम. जे. जोसेफ यांनी माडावर उभ्यानं चढायचं यंत्र बनवलं, ते 'चेंबेरी मॉडेल' म्हणून ओळखलं जातं. नारळ विकास मंडळानं २०११ पासून 'फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री' या नावानं तरुण मुलामुलींना ते घेऊन चढायचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. त्यानंतरच्या उत्साहात कोकणातल्या पुष्कळ घरांत अशी यंत्रं आली. त्यातलं एक आमच्या पडवीत आलं आणि वाडवडिलांच्या तसबिरीखालच्या खुंटीवर स्थिरावलं. पावसाळ्यात त्याच्यावर रेनकोट वाळत असतो. एकूण उपयोग आहे.

यंत्राची युक्ती सांगितली पाहिजे, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यात आहे. यंत्राचे दोन भाग, डावा आणि उजवा. प्रत्येक भागाला वर धरायला मूठ, खाली पाय ठेवायला पेडल आणि माडाला वेढा घालायला पोलादी तारेचा दोर. पेडलवर भार दिला की तार आवळते आणि चौकट खोडाला घट्ट धरते. भार काढून हातापायानं तो भाग उचलला की तार सैल पडते, भाग वर सरकतो. एका पायावर उभं राहायचं, दुसरा उचलायचा. मग त्याच्यावर उभं राहायचं, पहिला उचलायचा. आपलं वजनच आपल्याला धरून ठेवतं. पाय पेडलवरून निसटू नये म्हणून त्याच्यावरून एक पट्टा असतो, आणि हा पट्टा अनवाणी किंवा फार तर पातळ चपलेतल्या पायाच्या मापाचा.

भाचा ओस्लोजवळ राहतो. चतुर्थीला आला तो पायात भले थोरले ट्रेकिंगचे बूट घालून. अकरा नंबर, जाड तळ, घोट्याच्या वरपर्यंत लेस, वॉटरप्रूफ. ते पाहून शेजारचे आबा म्हणाले, "मेल्या, ह्या बुटांका घरपट्टी भरूची लागता काय?" आणि नेमकं त्याच दिवशी घरात नारळांचा हिशेब निघाला. मोदकांना, पंचखाद्याला, भाजीच्या वाटपाला, वर आरतीला येणाऱ्या प्रत्येक वाडीच्या भजनी मंडळाला द्यायला. माझी आई म्हणाली, "नारळ बाजारात मिळतत." परसात माड असताना बाजारातून नारळ आणणं ही कोकणी माणसाला परवडण्यासारखी नामुष्की नव्हे, म्हणून तिच्या या सूचनेकडे कुणी लक्ष दिलं नाही. भाच्याची नजर खुंटीवर गेली. त्यानं रेनकोट उतरवला, यंत्र हातात घेतलं, तारेवरून बोट फिरवलं, पेडल उलटंसुलटं करून पाहिलं आणि अत्यानंदानं ओरडला, "मामा, हे तर केबल बाइंडिंग आहे!"

यानंतरचा तास त्यानं आम्हा सगळ्यांना पडवीत बसवून स्कीचं प्रवचन दिलं. पाऊस पडत होता, वीज गेली होती, त्यामुळे पळून जायला जागा नव्हती.

त्याचा सारांश असा. नॉर्वेत लोक डोंगर उतरायला स्की वापरतात हे आपल्याला माहीत असतं. पण हौशी माणसं त्याच फळ्या पायाला बांधून आधी डोंगर चढतात. चढताना फळी मागे घसरू नये म्हणून तिच्या तळाला केसाळ पट्टी लावतात. पूर्वी ती सीलच्या कातड्याची असे, आता अंगोरा बकरीच्या लोकरीची किंवा नायलॉनची. केसांची दिशा अशी, की फळी पुढे सरकते आणि भार दिला की मागे येत नाही. इथे आबांनी मान डोलावली. उचलला की सुटतो, दाबला की धरतो, हे त्यांना माडावरून पटलं. मात्र चढताना पावलाची टाच मोकळी उचलता आली पाहिजे आणि बूट फळीला बांधलेलाही राहिला पाहिजे. तेलमार्क परगण्यातल्या मोर्गेडालच्या सोंद्रे नोर्हाइम नावाच्या गड्यानं यासाठी कोवळ्या फांद्या पिळून त्यांचा फास टाचेमागून घेतला, आणि १८६८ मध्ये आजच्या ओस्लोला जाऊन लोकांना तो प्रकार करून दाखवला. पुढे फांद्यांच्या जागी पोलादी तार आली. बुटाचं नाक दोन लोखंडी गालांमध्ये बसवायचं, तार टाचेमागच्या खाचेतून फिरवायची आणि पुढची कळ दाबून ती ताणायची.

भाच्यानं ओस्लोच्या जुन्या बाजारातून अशा तारेच्या लाकडी स्की स्वस्तात घेतल्या होत्या, आणि आता त्यांच्यात त्याचे नवे स्कीचे बूट बसत नव्हते. जुने बूट कातड्याचे, तळ पातळ आणि वाकणारा, टाचेला तारेसाठी खाच. नवे बूट प्लास्टिकच्या कवचाचे, तळ जाड, पुढून होडीच्या नाळेसारखा वर वळलेला. लोखंडी गालांत मावत नाहीत, तार टाचेपर्यंत पुरत नाही, पुरवली तर कळ मिटत नाही आणि मिटवली तर कळ मोडेल की बोट मोडेल अशी शर्यत लागते. नव्या बुटांच्या नाकाला दोन बाजूंना बारीक खळगे असतात. ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्टेल यांनी १९८० च्या दशकात काढलेल्या बाइंडिंगच्या दोन खिळ्या त्यांत बसतात. जुन्या तारेला त्या खळग्यांचा काय उपयोग? घर जुनं आणि सून नवी, एवढंच त्यातलं माझ्या बायकोला कळलं, आणि तिनं ते बोलूनही दाखवलं.

प्रवचनाचा शेवट भाच्यानं, ओल्या माडावर आपण बूट घालूनच चढणार, असा जाहीर करून केला. पायाच्या सुरक्षेबाबत आपण तडजोड करत नाही, म्हणाला. वर्षभर उणे दहा अंशांत राहणाऱ्या माणसाशी पायांवरून वाद घालणं बरं दिसलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खळ्यात सभा भरली. सावंतवाडीत कुणाच्या खळ्यात हत्यारांचा आवाज झाला की रस्त्यावरचा माणूस आत वळतो आणि पहिलं वाक्य बोलतो ते "असा नाय" हे. काय चाललंय ते त्याला अजून माहीत नसतं. बूट पेडलवर ठेवला, तर पेडल अरुंद. पट्टा वरून घ्यायला गेलो, तर वीतभर तोकडा. टाच मागे बाहेर लटकत होती. हीच ती स्कीवाली तीन दुखणी, फक्त बर्फ नव्हता. भाचा खूश होता. आपली अडचण सार्वत्रिक आहे हे कळलं की शिकलेल्या माणसाला अर्धी सुटल्यासारखी वाटते.

पट्ट्यासाठी सायकल दुकानातून जुनी ट्यूब आली. ती लांबली, पण लांबतच राहिली. मग एकानं नातवाच्या शाळेच्या दप्तराचे बंद आणि बकलं काढून आणली. नातू त्यावेळी शाळेतच होता, पुस्तकं कशात नेली कोण जाणे. पेडल घेऊन आम्ही वेल्डिंगच्या दुकानात गेलो. चतुर्थीच्या आधी वेल्डिंगवाल्याकडे गणपतीवरच्या माटवीच्या चौकटींची गर्दी असते. त्यानं पेडल पाहिलं, बूट पाहिला, भाच्याकडे पाहिलं, आणि दोन इंच पट्टी डाव्या-उजव्या अंगाला जोडून दिली. पैसे घेतले नाहीत. म्हणाला, आधी खाली येवा, मग बघूया.

राहिली टाच. तिच्यामागे पाचरीसारखं काहीतरी हवं होतं, हलकं आणि बुटाच्या आकाराला कोरता येईल असं. हलकं लाकूड म्हटल्यावर आम्हाला चितारआळीच आठवणार. सावंतवाडीची लाकडी खेळणी पूर्वापार पांगाऱ्याच्या लाकडाची; वजनाला हलकं, हत्याराला मऊ. तिथल्या कारागिरानं बूट हातात घेऊन टाचेचं माप काढलं, कसलाही प्रश्न विचारला नाही आणि काम सुरू केलं. ज्या माणसानं आयुष्यभर लाकडी कलिंगडं आणि केळी केली आहेत, त्याला लाकडी टाचेचं काय नवल. पाचर हातात देताना फक्त एवढं विचारलं, "रंग खयचो लावू?"

इथे मला भाच्यानं सांगितलेली एक गोष्ट फार आवडली. तारेच्या बाइंडिंगांत सगळ्यात गाजलेलं ते 'कंदहार'. ते १९३० च्या सुमारास तयार केलं स्वित्झर्लंडमधल्या सेंट क्रुआ गावच्या गिडो रज यांनी, आणि या रज घराण्याचा धंदा कसला, तर चावी दिली की सूर वाजवणाऱ्या पेट्यांचा. म्हणजे तिकडेही शेवटी हे काम खेळण्यांच्या कारागिराकडेच गेलं होतं. आता स्वित्झर्लंडच्या बर्फात कंदहार कुठून आलं? तर लॉर्ड रॉबर्ट्स म्हणून एक सेनापती होता, जन्म कानपूरचा, १८३२ चा. त्यानं १८८० मध्ये काबूलहून कंदहारवर फौज नेली आणि तिथली लढाई जिंकून ते नाव आपल्या किताबात घातलं. पुढे १९११ मध्ये स्कीच्या एका शर्यतीला त्यानं करंडक दिला. करंडकाचं नाव शर्यतीला, शर्यतीचं क्लबाला आणि शेवटी तारेला लागलं. कानपूरचा जन्म, अफगाणिस्तानची लढाई, स्वित्झर्लंडची तार आणि नॉर्वेचा जुना बाजार. एवढा प्रवास करून आलेली वस्तू चितारआळीत पोचली तेव्हा तिला लाल रंग मिळाला. पिवळी बॉर्डर कारागिरानं स्वतःच्या मनानं दिली.

प्रत्यक्ष चढाईच्या वेळी पाऊस थांबला होता. आई देवापाशी जाऊन बसली. आबांनी खुर्ची मागवून घेतली आणि बरोबर माडाखाली टाकली. मग कुणीतरी त्यांना वरचे नारळ दाखवले तेव्हा ती चार हात सरकवली. भाच्यानं बूट पेडलमध्ये घातले. लाल पाचर टाचेमागे अशी बसली की सभेतून वाहवा निघाली. बकलं आवळली. "मेल्या, माडार चडतंस काय लग्नाक जातंस?" असं आबांनी विचारलं, पण भाचा गंभीर होता. डावा, उजवा, डावा, उजवा. खरंच चढला. माणूसभर उंचीवर गेला आणि थांबला.

झालं होतं असं, की बूट आता फारच चांगला बसला होता. बुंध्याशी माड जाड असतो, वर निमुळता होत जातो. तसा तारेचा वेढा लहान करावा लागतो. ते करायला पायाची जरा हालचाल हवी. बुटाच्या तळाचे रबरी दाते वेल्डिंगच्या पट्टीत अडकले, पाचर फुगून घट्ट झाली, बकलं आवळलेली. डावा पाय उचलेना, उजवा दाबेना. भाचा वर, सभा खाली. स्कीच्या जगातही हेच दुखणं जुनं आहे. तारेच्या बाइंडिंगमधून पडताना पाय सुटत नसे, मग पाय मोडत असे. मूळ नॉर्वेचे, अमेरिकेत स्थायिक झालेले ह्यालमार व्हाम यांचा १९३७ मध्ये असाच पाय मोडला, आणि पडल्यावर बूट सोडून देणारं बाइंडिंग त्यांनी त्या मोडलेल्या पायावरूनच शोधलं. ही माहिती आम्हाला भाच्यानंच माडावरून दिली. ज्ञानाच्या बाबतीत मुलगा उदार आहे.

शेवटी शिडी लावली. त्यानं वरच लेस सोडल्या, पाय मोज्यांसकट बुटांतून काढले आणि शिडीवरून उतरला. यंत्र माडावर राहिलं आणि बूट यंत्रात. रात्री धो धो पाऊस झाला. बूट पाण्यानं काठोकाठ भरले, आणि वॉटरप्रूफ असल्यामुळे पाणी बाहेरही येईना. सकाळी दूधवाल्यानं गेटातूनच विचारलं, "दिष्ट लागू नये म्हणान बांधल्यात काय?" दुपारपर्यंत अख्ख्या सालईवाड्यात बातमी होती, की आमच्याकडे यंदा माडाला बूट घातलेत.

बायकोनं सभेला न विचारता एक फोन केला. संध्याकाळी इन्सुलीच्या बाजूची एक मुलगी स्कूटरवरून आली, मागे तिचं स्वतःचं यंत्र बांधलेलं. तिनं हे काम प्रशिक्षण घेऊन शिकलेलं, बचत गटाच्या ओळखीनं आसपासच्या गावांत पाडप करते. पायात शाळेतल्या पीटीच्या तासाला घालतात तसे पांढरे कॅनव्हासचे बूट, पातळ रबरी तळाचे. ते पट्ट्यात सहज जात होते आणि सहज निघत होते. भाच्याचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा होता, पण ते जाऊ दे.

आधी तिनं शिडीवर चढून आमचं यंत्र सोडवलं आणि खाली आणलं. बुटांतलं पाणी ओतलं. आम्ही लगेच तिला पट्टा, पेडल आणि पाचर दाखवायला सरसावलो. वेल्डिंगची पट्टी अर्धा इंच जास्त झाली की पाचर, यावर आमच्यात दोन पक्ष पडले होते आणि तिचा कौल हवा होता. तिनं काही न बोलता स्कूटरच्या डिकीतून सुती फडकं काढलं आणि आमच्या यंत्राच्या तारेवरून हळूहळू फिरवलं. चौकटीपाशी, जिथे तार वाकून पकडीत शिरते, तिथे फडक्याचा धागा अडकला. मग पुन्हा अडकला.

"काकानू, बूट रवांदेत," ती म्हणाली. "तार कोणी बघलात?"

पोलादी दोर म्हणजे पुष्कळ बारीक तारांचा पीळ. तो सहसा एकदम तुटत नाही. वाकण्याच्या जागी एकेक तार आतून गंजते, तुटते, आणि वरून दोर धडधाकट दिसतो. तुटलेलं टोक डोळ्याला दिसण्याआधी सुती कापडाला सापडतं. आमच्या तारेवर वर्षानुवर्षं ओले रेनकोट वाळत होते. सभेतल्या प्रत्येकानं पट्टा ओढून पाहिला होता, पेडल ठोकून पाहिलं होतं, पाचरीचा रंगसुद्धा नखानं खरवडून पाहिला होता. "नवी तार घालीसर ह्याच्यार मांजरसुद्धा चडवू नकात," असं सांगून तिनं कमरेचा पट्टा माडाभोवती घेतला आणि स्वतःच्या यंत्रावरून आम्ही वाक्य जुळवेपर्यंत शेंड्याला पोचली. नारळ धपाधप पडू लागले. आबा खुर्ची घेऊन पडवीत आले.

भाचा परत गेला. तिथे पोचल्यावर त्यानं पहिलं काम केलं ते जुन्या स्कीच्या तारेवरून सुती फडकं फिरवायचं. टाचेमागे दोन्ही बाजूंना धागा अडकला. स्की आता त्याच्या बैठकीच्या भिंतीवर आहेत आणि बुटांचं काय करायचं ते ठरलेलं नाही.

आमच्या यंत्राला नवी तार घातली आहे, बाजारातून मापानं कापून, नव्या पकडींसकट. पेडल मात्र रुंद झालं ते झालं, आणि पाचर वेल्डिंगच्या पट्टीत इतकी बसली आहे की निघत नाही. घरात कुणाचाही पाय त्यात ठरत नाही. तेव्हा ज्यांचा पाय अकरा नंबरचा आहे, प्रशिक्षण झालेलं आहे आणि कमरेचा पट्टा स्वतःचा आहे, त्यांनी खुशाल येऊन यंत्र घेऊन जावं. पैसे नकोत. येताना सुती फडकं घेऊन या आणि आमच्या शब्दावर न राहता नवी तारसुद्धा तपासून घ्या. जाण्याआधी मागच्या दोन माडांची पाडप केलीत, तर असोले नारळ अर्धे तुमचे.